ज्याचा त्याचा रक्तगट

"मी 'बी'च टाइप केलं होतं," प्रयोगशाळेतल्या मुजावरबाई म्हणाल्या. "मला एवढंच माहीत आहे."

डॉक्टर हेर्लेकरांनी समोरचा छापील कागद माझ्याकडे सरकवला. मिरजेतल्या एका धर्मादाय हॉस्पिटलच्या त्या अधीक्षक होत्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. तशी गरजही पडत नसे. कागदावर एका बाईचं नाव होतं, त्याखाली रक्तगट ए, आणि नोंद करणाऱ्याच्या रकान्यात रेहाना मुजावर.

"बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना," डॉक्टर म्हणाल्या. "नोंदीत ए आहे म्हणून एची पिशवी काढली. चढवायच्या आधी रक्तपेढीत जुळवून बघतात, तिथं गुठळ्या दिसल्या. बाई बी गटाची निघाली. जुळवून बघितलं नसतं तर आज मी तुम्हाला बोलावलं नसतं, पोलिसच आले असते."

"त्या कशा आहेत आता?" मी विचारलं.

"छान आहे. सकाळी जावेशी भांडत होती." त्या किंचित हसल्या आणि लगेच थांबल्या. "मगदूम, मला एक सांगा. यांनी बी टाइप केलं आणि तुमच्या प्रोग्रॅमनं ए लिहिलं, असं होऊ शकतं?"

तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. माझं नाव शीतल. बाहेरच्यांना ते मुलीचं वाटतं, आमच्या सांगलीकडच्या जैनांत ते सर्रास मुलांचं असतं. हॉस्पिटलचा प्रोग्रॅम माझे साहेब, बोडस सर, यांनी लिहिला होता. सर आधी कॉलेजात शिकवायचे. मी त्यांचाच विद्यार्थी. पुढे त्यांनी सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं तेव्हा मला बोलावून घेतलं. त्या दिवशी मला मिरजेला पाठवताना ते म्हणाले होते, "जाऊन ये. दोन वर्षं चाललाय तो प्रोग्रॅम, एकदाही तक्रार नाही. टाइप करताना बोट चुकलं असेल." मलाही तसंच वाटत होतं. पण मुजावरबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या समोर ते बोलणं जिभेवर येईना.

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार," मी म्हणालो.

"उद्या अकराला विश्वस्त येतील. तोवर सांगा."

आम्ही दोघं बाहेर पडलो. मुजावरबाई चाळिशीच्या असतील. पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चालणं झपझप. प्रयोगशाळेत शिरल्यावर मात्र त्या आपल्या खुर्चीकडे गेल्याच नाहीत. भिंतीकडच्या स्टुलावर बसल्या.

"मला मशीनला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा."

मी कॉम्प्युटर सुरू केला. एक खोटा पेशंट तयार केला, बी टाइप केलं, नोंद केली. बी उमटलं. पुन्हा केलं. बी. ए टाइप केलं तर ए. मी वीसेक वेळा तेच करत राहिलो आणि त्या मागून पडद्याकडे पाहत राहिल्या.

"बरोबरच येतंय ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हो."

"मग संपलं." त्या शांतपणे म्हणाल्या. "भाऊ म्हणतोय, राजीनामा देऊन टाक. राजीनामा दिला तर चौकशी करणार नाहीत, वर चांगलं सर्टिफिकेटही देतील. नाहीतर नाव पेपरात येईल. माझी मुलगी नर्सिंगला आहे याच गावात. तिला काय तोंड दाखवू?"

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं, बाई?"

"काल दुपारपर्यंत माझी खात्री होती. आता विचाराल तर..." त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाल्या, "सगळेच म्हणतात म्हटल्यावर माणसाला स्वतःच्या बोटांचा भरवसा वाटत नाही. रात्रभर मी तेच आठवतेय. नळीवर बी लिहिलं, स्लाइडवर बी दिसलं, मग की दाबली. ती की कुठली होती ते आता डोळ्यांपुढे येतच नाही."

उगाच काहीतरी करायचं म्हणून मी आणखी एक खोटी नोंद केली. बी टाइप केलं, बटण दाबलं.

पडद्यावर ओ उमटलं.

मी की-बोर्डकडे पाहिलं. ओ ही की बीपासून कितीतरी लांब. माझं बोट तिकडे गेलंच नव्हतं. मुजावरबाई स्टुलावरून उठून माझ्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हे तुम्ही केलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग ओ कोणाचं?"

याच प्रश्नात सगळं उत्तर होतं, पण ते उलगडायला मला जरा वेळ लागला. "आत्ता या क्षणी दुसरं कोणी रक्तगट टाकतंय का?" मी विचारलं. "दुसरा कॉम्प्युटर आहे का कुठं?"

"प्रसूती विभागात. गणपतीच्या आधी नवा काउंटर काढलाय. मार्था सिस्टर बसतात."

त्यांनी फोन उचलून माझ्या हातात दिला. मार्था सिस्टर कांबळे घाईत होत्या. "अहो, समोर रांग आहे. आत्ता एक नोंद केली, ओ गटाची. का?"

"ती नोंद उघडून बघता? ओच आहे ना?"

मी खेळता खेळता कोणाच्या तरी खऱ्या नोंदीत बी घालून ठेवलं असेल तर?

"ओच आहे," सिस्टर म्हणाल्या.

मी त्यांना रांग थांबवायला सांगितलं. त्यांनाही एक खोटा पेशंट तयार करायला लावला. फोन मुजावरबाईंनी धरला. मी बी टाइप करून थांबलो, सिस्टर ओ टाइप करून थांबल्या, आणि मुजावरबाई म्हणाल्या, "दाबा." पहिल्यांदा दोन्हीकडे बरोबर आलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा माझ्या बीच्या जागी ओ उमटलं.

"परत," मुजावरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "सिस्टर, परत एकदा."

आम्ही ते इतक्या वेळा केलं की शेवटी सिस्टर म्हणाल्या, "आता रांगेतल्या बायका मला मारतील," आणि त्यांनी फोन ठेवला.

मग मी सरांचा कोड उघडला. सरांचं लिखाण फार देखणं असे. नावं नीट, समास नीट, जिथं तिथं टिपा. मी त्यातूनच शिकलो होतो. म्हणून असेल, पण घोळ करणारी ती ओळ अगदी वर, सुरुवातीलाच असूनही मी ती आजवर कितीदा न थांबता ओलांडली होती.

"काय झालंय ते मला कळेल असं सांगा," मुजावरबाई म्हणाल्या.

मी प्रयत्न केला. "प्रोग्रॅममध्ये काम करणारे घटक असतात, त्यांना ऑब्जेक्ट म्हणतात. प्रत्येक ऑब्जेक्टकडे स्वतःपुरती माहिती ठेवायची जागा असते. इन्स्टन्स व्हेरिएबल. ज्याची जागा त्याची, दुसऱ्याची त्यात ढवळाढवळ नाही. तुम्ही टाइप केलेला रक्तगट नोंद पक्की होईपर्यंत सरांनी अशाच एका जागेत ठेवला होता."

"मग बरोबर आहे की."

"प्रत्येक नोंदीला नवा ऑब्जेक्ट असता तर बरोबर होतं. पण सर्व्हर, म्हणजे मधला मुख्य कॉम्प्युटर, इथं एकच ऑब्जेक्ट बनवतो आणि सगळ्या काउंटरचं काम त्याच्याकडूनच करून घेतो. म्हणजे रक्तगट ठेवायची जागा एकच. तुमचं बी तिथं ठेवलं. ते नोंदीत उतरायच्या आत सिस्टरनी ए पाठवलं, ते त्याच जागेत येऊन बसलं. मग तुमच्या पेशंटच्या नावापुढं जे उतरलं ते ए."

"आणि दोन वर्षं काही झालं नाही, कारण काउंटर एकच होता."

"हो."

त्या पडद्यावरच्या ओळीकडे वाकल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी बी दाबलं होतं."

"तुम्ही बीच दाबलं होतं."

त्यांनी चेहऱ्यावरून पदर फिरवला, एकदा, दोनदा, आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी पडद्याकडे बघत बसलो. त्या वळल्या तेव्हा डोळे लाल होते, पण बोलल्या त्या वेगळंच.

"गणपतीपासून आजपर्यंत आणखी किती जणांचं असं झालं असेल?"

मार्था सिस्टरना तोवर रक्तगटाच्या नोंदी वहीत करायला सांगून मी निघालो. सरांच्या ऑफिसात पोचेस्तोवर दुपार कलली होती. सर चहा घेत होते. मी काही न बोलता त्यांच्या कॉम्प्युटरवर ती ओळ उघडली आणि काय घडलं ते सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. एकच पान ते पुन्हा पुन्हा वरखाली करत राहिले.

"हे मी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवायचो," ते शेवटी म्हणाले. "सामायिक जागेत काही ठेवू नका म्हणून."

"सर, उद्या अकराला बैठक आहे."

"माहीत आहे." त्यांनी ती ओळ वरून काढली आणि ते व्हेरिएबल नोंद करणाऱ्या भागाच्या आत नेलं, म्हणजे प्रत्येक नोंदीला आपली वेगळी जागा मिळेल असं. दोन ओळींचं काम. "झालं. दुरुस्त झालं."

"पण मुजावरबाई राजीनामा द्यायला निघाल्यात. तुम्ही कबूल केल्याशिवाय आपलं कोणी ऐकणार नाही, म्हणतात."

"शीतल," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या मी येतो. तू काही बोलू नकोस. मी बोलेन."

ते काय बोलणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. प्रोग्रॅम आता दुरुस्त होता. उद्या कोणी कितीही वेळा दोन्हीकडून बटणं दाबली असती तरी काही दिसलं नसतं. माझं बोलणं वर्षभरापूर्वी कामाला लागलेल्या पोराचं बोलणं, आणि सरांचा शब्द सांगलीत चालायचा. सर गप्प राहिले तर आपण उठायचं, एवढं रात्री मनाशी ठरवलं, पण सरांच्या समोर मी आजवर कधी उठलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या आधीच येऊन बसले होते. लांबट टेबलाभोवती दोन विश्वस्त, डॉक्टर हेर्लेकर, आणि दाराजवळच्या खुर्चीवर मुजावरबाई, मांडीवर पर्स घट्ट धरून. राजीनामा त्यात आहे हे मला कळत होतं. थोरले विश्वस्त निवृत्त न्यायाधीश होते. ते म्हणाले, "बोडस, तुमचा प्रोग्रॅम निर्दोष आहे असं लिहून दिलंत तर आम्हाला पुढचं ठरवता येईल."

सर उठले. "आधी तुम्हाला काही दाखवायचंय. दोन मिनिटं प्रयोगशाळेत चला."

मला कळेना. दुरुस्त प्रोग्रॅममध्ये काय दिसणार? पण हॉस्पिटलच्या सर्व्हरवर दुरुस्ती चढलेलीच नव्हती. सरांनी ती मुद्दाम चढवली नव्हती. त्यांनी मार्था सिस्टरना फोन लावला, मुजावरबाईंना म्हणाले, "बाई, तुमच्या खुर्चीवर बसा," आणि स्वतः बाजूला उभे राहिले. बाई बसल्या. बी टाइप केलं. सरांनी फोनमध्ये सांगितलं, "दाबा." चौथ्या खेपेला न्यायाधीशांच्या डोळ्यांदेखत बीचं ओ झालं.

"चूक यांची नाही," सर म्हणाले. "माझी आहे. प्रोग्रॅम मी लिहिलाय, दुसरा काउंटर जोडला तोही मी, आणि जोडताना तपासलं नाही. तुम्ही ज्या कागदावर म्हणाल त्या कागदावर हे लिहून देतो. पण ते नंतर. आधी दोन्ही काउंटरवरून एकाच वेळी झालेल्या नोंदी शोधून त्या माणसांचं रक्त पुन्हा तपासायला हवं. आजपासून."

डॉक्टर हेर्लेकर मुजावरबाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. "रेहाना," त्या म्हणाल्या, "हे काम तूच बघ. दुसऱ्या कोणाकडे दिलं तर मला झोप लागणार नाही."

अशा नोंदी मला वाटलं होतं त्याहून कमी निघाल्या. बहुतेक लोक मिरजेतलेच होते. निरोप गेला तसे ते आले, रक्त देऊन गेले, आणि एकेकाचा गट बरोबर निघत गेला. एका म्हाताऱ्या गवंड्याचा चुकलेला निघाला. त्यांना रक्त कधी लागलंच नव्हतं. ते म्हणाले, "मला माझा गट काय ते आधीपण माहीत नव्हतं, आता दोन कळले." शेवटी एकच नाव उरलं. कस्तुरी. आठव्या महिन्यात तपासणीला आलेली, हॉस्पिटलच्या कार्डावर रक्तगट ए. घरी फोन नाही. सासरी माणूस पाठवला तर कळलं, बाळंतपणाला माहेरी गेलीय, कर्नाटकात कागवाडला.

"कार्ड घेऊन गेलीय?" मुजावरबाईंनी विचारलं.

"जपून घेऊन गेलीय, म्हणाले."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, कॅलेंडरकडे पाहिलं. नववा महिना संपत आला होता. "लहान दवाखान्यात घाईच्या वेळी कार्ड बघूनच रक्त मागवतात," त्या म्हणाल्या.

सर आपली जुनी फियाट घेऊन आले. पुढं मी, मागं मुजावरबाई, मांडीवर तपासणीची पेटी. म्हैसाळच्या पुढं उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता अडवला होता. एरवी सर हॉर्न वाजवत नसत, त्या दिवशी वाजवत राहिले. ते आणि मुजावरबाई बैठकीच्या दिवसानंतर एकमेकांशी कामापलीकडे बोलले नव्हते. मी मनातल्या मनात ती बाई कुठल्या तरी टेबलावर पडलेली बघत होतो आणि ते चित्र पुसत होतो.

गावात घर विचारलं. एकानं हात करून दाखवलं आणि म्हणाला, "सकाळपासून तिथं गडबड आहे."

सरांनी गाडी नीट लावलीही नाही. आम्ही जवळजवळ पळतच गेलो. अंगणात पाच-सहा बायका बसल्या होत्या आणि मधोमध शेंगांचा ढीग होता. शेंगा फोडायची गडबड होती ती. ढिगाच्या पलीकडं, भिंतीला टेकून, पाय पसरून, पोट सावरत एक तरुण मुलगी शेंगा खात होती.

"कस्तुरी?" मुजावरबाईंनी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "का हो?"

मुजावरबाई तिच्यासमोर खाली जमिनीवरच बसल्या. त्यांना धाप लागली होती. त्यांनी तिला समजावून सांगितलं, की कार्डावर चुकून दुसऱ्याचा गट पडलाय, बोटाला जरा टोचावं लागेल. तिची आई कानडीत काहीतरी कुरकुरली. माझी आजी तिकडचीच, त्यामुळं मला कळलं. मोठ्या दवाखान्यात असं कसं चुकतं, असं ती म्हणत होती. मी ते सरांना सांगितलं, तसे ते पुढं झाले.

"माझ्यामुळं चुकलं, मावशी," ते म्हणाले. "यांच्यामुळं नाही. या ते सुधारायला आल्यात."

मुजावरबाईंनी मान वर करून सरांकडे पाहिलं. मग पेटी उघडली. कस्तुरीनं बोट पुढं केलं आणि तोंड फिरवलं. स्लाइडवर थेंब पडले, त्यांत औषधाचे थेंब मिसळले, आणि आम्ही तिघं त्यावर ओणवे झालो. ए आणि बीच्या, दोन्ही थेंबांत गुठळी झाली नाही. मुजावरबाईंनी दुसरी स्लाइड घेऊन परत केलं. तसंच.

"ओ," त्या म्हणाल्या.

ओ गटाच्या माणसाला ए रक्त चढवलं तर काय होतं हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, त्या अंगणात आणखी कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायची आता गरज नव्हती. मुजावरबाईंनी जुनं कार्ड मागून घेतलं, फाडून पेटीत टाकलं. नवीन कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं, ते दोनदा वाचलं, मला वाचायला लावलं, सरांना वाचायला लावलं, आणि कस्तुरीच्या हातात दिलं.

"एवढ्यासाठी एवढ्या लांबनं आलासा?" तिनं विचारलं.

"एवढ्यासाठीच," मुजावरबाई म्हणाल्या, आणि हसू लागल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते हसू त्यांना आवरेना. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग सरही हसले, आणि कशाला ते न कळता कस्तुरीही.

तिच्या आईनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पडवीत पानं मांडली. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. सर सकाळपासून उपाशी होते. भाकरी संपली आणि मागायचा संकोच वाटून ते ताटातल्या चटणीकडे बघत राहिले.

मुजावरबाईंनी शेजारच्या टोपलीतून एक भाकरी उचलली, मोडून अर्धी आपल्या ताटात ठेवली आणि अर्धी सरांच्या.

"जेवा, सर," त्या म्हणाल्या. "सगळे सापडले आता."